१२५ ग्रॅम पावावर कोणीही जगले नाही

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला असताना तिथल्या सामान्य नागरिकाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तेवढ्यावर माणसे जगली कशी, आणि पुढे शिधा वाढल्यावरही मृत्यू का थांबले नाहीत? याचे उत्तर तिथल्या लोकांच्या मनोबळात असावे, असेही प्रश्नकर्त्याने सुचवले आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, वैद्यकातला माणूस आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी कुपोषित मुलांवर उपचार करण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली, आणि उपासमारीत शरीर नेमके कसे वागते हे समजून घेताना लेनिनग्राडच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेल्या निरीक्षणांकडे मला वारंवार वळावे लागले. त्या अंगानेच उत्तर देतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडे लेनिनग्राड आणि स्टालिनग्राड यांची गल्लत नेहमी होते. स्टालिनग्राड ही व्होल्गाकाठची लढाई होती. लेनिनग्राड म्हणजे आजचे सेंट पीटर्सबर्ग, आणि तिथे घडली ती मुख्यतः उपासमार. ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन सैन्याने श्लिसेलबर्ग घेतले आणि शहराचा जमिनीवरचा शेवटचा रस्ता बंद झाला. वेढा पूर्णपणे उठला तो २७ जानेवारी १९४४ रोजी, म्हणजे ८७२ दिवसांनी. आत सुमारे पंचवीस लाख नागरिक अडकले होते आणि त्यांत चार लाख मुले होती. ‘शरण जाऊन जीव का वाचवले नाहीत’ असे काही जण विचारतात. त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे की सप्टेंबरच्या उत्तरार्धातल्या जर्मन आदेशानुसार शरणागती स्वीकारायचीच नव्हती, कारण एवढ्या लोकांना पोसण्याची जबाबदारी त्यांना नको होती. उपासमार हा या वेढ्याचा दुष्परिणाम नव्हता, तो त्याचा हेतू होता.

अन्न का संपले, याविषयी एक दंतकथा शहरात तेव्हापासून सांगितली जाते. वेढा पडला त्याच दिवशी बॉम्बहल्ल्यात बदायेव गोदामे जळाली, वितळलेली साखर जमिनीत मुरली, आणि पुढे लोक ती गोड माती उकरून, पाण्यात कालवून, गाळून पीत असत. यातले मातीचे वर्णन खरे आहे. मात्र तिथे जळालेले पीठ सुमारे तीन हजार टन होते, म्हणजे त्या वेळच्या खपाप्रमाणे शहराची जेमतेम दीड-दोन दिवसांची गरज. ती गोदामे वाचली असती तरी डिसेंबर टळला नसता. १२ सप्टेंबरला साठ्यांची मोजदाद झाली तेव्हा सैन्य आणि नागरिक मिळून पस्तीस दिवसांचे पीठ शिल्लक होते. साठे वेळीच शहरात आणले गेले नव्हते आणि उन्हाळ्यात माणसे पुरेशी बाहेर काढली गेली नव्हती. आग डोळ्यांना दिसते, नियोजनातली ढिलाई दिसत नाही, म्हणून लोकांच्या आठवणीत आग राहिली.

आता १२५ ग्रॅमकडे येऊ. शिधा एकदम तिथे पोहोचला नाही, पाच टप्प्यांत उतरला. सप्टेंबरच्या आरंभी कामगाराला ६०० ग्रॅम पाव होता आणि घरातल्या अवलंबितांना ३००. २० नोव्हेंबरला कामगाराला २५० आणि बाकी सर्वांना, म्हणजे कारकुनांना, म्हाताऱ्यांना, मुलांना १२५ ग्रॅम अशी वेळ आली. हा तळ २५ डिसेंबरपर्यंत टिकला. १२५ ग्रॅम म्हणजे आपल्या ताटातल्या एका मध्यम भाकरीचे वजन. पण भाकरीत पीठ असते. त्या पावात राईच्या पिठाबरोबर पेंड होती, माल्ट होते, गिरण्यांच्या भिंतींवरून झाडून गोळा केलेली पिठाची धूळ होती आणि लाकडापासून काढलेला सेल्युलोज होता, जो माणसाला पचत नाही. बंदरात पडून असलेली सरकीची पेंडसुद्धा वापरली गेली. तिच्यातला विषारी अंश उष्णतेने मोडावा लागे. शिवाय वजन भरावे म्हणून पावात पाणी इतके राखलेले असे की तो हातात ओल्या मातीसारखा जड लागे. माझ्या अंदाजाने अशा तुकड्यातून दोनशे-अडीचशे उष्मांकांहून अधिक मिळत नसावेत. डाळी-धान्ये, चरबी आणि साखर कार्डावर छापलेली असत, दुकानात बहुधा नसत.

प्रौढ माणूस नुसता पडून राहिला तरी त्याला बाराशे ते पंधराशे उष्मांक लागतात. त्या हिवाळ्यात तापमान उणे तीसच्या खाली जात होते आणि घरे गरम करण्याची व्यवस्था बंद पडली होती, म्हणजे गरज त्याहून जास्त. दिवसाला हजार-बाराशे उष्मांकांची तूट धरली तर ती शरीर स्वतःला जाळून भरून काढते: आधी चरबी, बरोबरीने स्नायू, आणि अखेरीस हृदयाचा स्नायूही. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला अशी तूट अडीच ते तीन महिने झेपते. ऑक्टोबरच्या मध्यापासून तीन महिने मोजून पाहा, आपण जानेवारीत येतो. मृत्यूंचे आकडेही तेच सांगतात: डिसेंबरमध्ये सुमारे ५३ हजार, जानेवारी आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये प्रत्येकी ९६ हजारांच्या आसपास. म्हणून मी म्हणतो की १२५ ग्रॅमवर कोणी जगले नाही. जे जगले त्यांच्याकडे अंगावरची चरबी होती, किंवा वरून काहीतरी मिळत होते, किंवा कोणीतरी स्वतःच्या वाट्यातले त्यांना देत होते. बहुतेक घरांत तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या होत्या, आणि त्यांतली तिसरी देणाऱ्याच्या जिवावर बेतत असे.

‘वरून’ म्हणजे काय? सुताराचा सरस, जो जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतो, तो तासन्‌तास उकळून, तमालपत्र टाकून, थंड करून त्याच्या वड्या पाडत. चामड्याचे पट्टे शिजवत. भिंतीचा कागद खरवडून त्यामागची खळ काढत. घरातली मांजरे-कुत्री हिवाळ्यात दिसेनाशी झाली. नरमांसभक्षणाच्या गुन्ह्यांत अटका झाल्याच्या पोलिसी नोंदी दशकानुदशके दडवून ठेवल्या होत्या, आता त्या उघड आहेत. त्यावर मी इथे रेंगाळणार नाही, कारण ज्या शहरात लाखो लोक उपाशी मेले तिथे असे वागणारे संख्येने फार थोडे होते, हीच माझ्या मते जास्त लक्षणीय बाब आहे. आणि वरून मिळण्याला एक सरकारी बाजूही होती. कारखान्यातल्या भोजनालयाचे पातळ सूप, रक्तदात्यांना मिळणारा वाढीव शिधा, बेकरीतली नोकरी, सैनिकाने घरी आणलेला पाव, आणि पक्षाच्या वरिष्ठांची वेगळी भोजनालये. कार्ड कोणत्या वर्गाचे आहे यावर आयुष्य ठरत होते. घरी राहून नातवंडे सांभाळणारी, रांगेत उभी राहणारी, पाणी आणणारी आजी सरकारी कागदावर ‘अवलंबित’ होती आणि तिला सर्वांत कमी मिळत होते, जरी उष्मांक तिचेही तेवढेच जळत होते.

कामाचे हे ओझे जवळून पाहिल्याशिवाय ‘टिकून राहणे’ म्हणजे काय ते कळत नाही. पहाटे चार-पाचला, काळोखात, पावाच्या रांगेत उभे राहायचे. दुकानातली बाई तराजूवर पाव कापते. वजन पुरे करायला वर एक बोटाएवढा तुकडा टाकते. तो तुकडा वाटेत खायचा की घरी न्यायचा, हा त्या शहरातल्या प्रत्येक मुलाचा रोजचा झगडा होता, आणि अनेकांच्या दैनंदिन्यांत तो जसाच्या तसा उतरला आहे. कार्ड हरवले किंवा चोरीला गेले तर दुसरे मिळणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून ते कपड्यांच्या आत, छातीशी ठेवत. पाव आणला की पाणी. नळ गोठलेले, त्यामुळे नेव्हा नदीच्या बर्फाला पाडलेल्या भोकातून किटलीने पाणी काढायचे, मुलांच्या घसरगाडीवर बादली ठेवून ओढत आणायचे. सांडलेल्या पाण्याने काठ आणि जिने काचेसारखे झालेले, आणि घर चौथ्या मजल्यावर. मग सरपण. सगळे कुटुंब एका खोलीत गोळा व्हायचे, मध्ये पत्र्याची छोटी शेगडी, तिचे धुराडे खिडकीतून बाहेर काढलेले. तिच्यात खुर्च्या गेल्या, जमिनीच्या फळ्या गेल्या, पुस्तके गेली. उजेडाला चिमणी. आणि त्याच घसरगाडीवर, चादरीत गुंडाळून शिवलेले प्रेत स्मशानाकडे. शवपेटी करून देणाऱ्याला मजुरी पावात द्यावी लागे, म्हणून पुढे पुढे शवपेट्या दिसेनाशा झाल्या.

ही कामे बहुतांशी बायकांनी केली, कारण पुरुष आघाडीवर होते आणि जे घरी होते ते आधी गेले. डॉक्टरांच्या नोंदींत हे स्पष्ट आहे: हिवाळ्याच्या पहिल्या लाटेत पुरुष जास्त मेले, बायका नंतर. यात गूढ काही नाही. पुरुषाच्या शरीरात स्नायू जास्त आणि चरबी कमी असते, म्हणजे खर्च मोठा आणि शिल्लक लहान. लेनिनग्राडच्या डॉक्टरांनी या आजाराला ‘डिस्ट्रॉफी’ म्हटले आणि तो शब्द दवाखान्यातून रस्त्यावर आला. त्याचे दोन प्रकार त्यांनी नोंदवले, एक वाळून जाणारा आणि एक सुजणारा. आपल्याकडच्या मुलांमध्ये सुकटी आणि सुजवटी म्हणून ओळखतो तेच प्रकार, तिथे ते धडधाकट प्रौढांमध्ये दिसले. सुजलेल्या पायावर बोट दाबले तर खळगा पडतो आणि बराच वेळ भरून येत नाही. नाडी मंद होते, अंग थंड पडते, आवाज खोल जातो, भूकही एका टप्प्यानंतर मरते. पुष्कळ जण झोपेतच गेले.

मनोबळाविषयी बोलायचे तर दैनंदिन्यांतले एक वाक्य वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले आढळते: जो अंथरुणाला खिळला, तो गेला. त्यावरून असा अर्थ काढला जातो की जे उठत राहिले ते इच्छाशक्तीवर जगले. वैद्य म्हणून मला इथे कार्यकारणाची उलटापालट दिसते. आमच्या वॉर्डात आई सांगते की पोराने खेळणे सोडले आणि मग ते आजारी पडले. वास्तविक ते आजारी पडले होते म्हणूनच त्याने खेळणे सोडलेले असते. पडून राहणे हे शरीराची शिल्लक संपल्याचे लक्षण होते. तरीही त्या वाक्यात थोडे तथ्य आहे, पण ते वेगळे: जो उठत नाही त्याच्यासाठी रांगेत उभे राहायला कोणी नसेल, तर कार्ड खिशात असूनही पाव घरी येत नाही. एकट्या माणसाला साधा ताप म्हणजे शिक्षा होती. म्हणूनच युवक संघटनेच्या मुली घरोघर जाऊन कोण हालत नाही ते पाहत, पाव आणून देत, शेगडी पेटवत, अनाथ पोरांना अनाथालयात पोहोचवत, या कामाला मी कोणत्याही औषधापेक्षा मोठे मानतो. रेडिओवर कार्यक्रमांच्या मध्ये वाजणारा मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र), संथ ठोके म्हणजे शांतता आणि जलद ठोके म्हणजे हवाई हल्ला, हाही त्याच जातीचा आधार होता: बाहेर कोणीतरी जागे आहे, एवढे तो कळवत असे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी वेढ्यातल्या शहरातच झालेली, संगीतकार शोस्ताकोविच यांच्या सातव्या सिंफनीची मैफल सर्वांना ठाऊक असते. तिच्या तालमींसाठी वादकांना वाढीव शिधा द्यावा लागला होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शहराच्या पूर्वेचे लडोगा सरोवर गोठले, आधी घोड्यांच्या घसरगाड्या आणि मग दीडटनी ट्रक बर्फावरून धावू लागले. ९ डिसेंबरला तिखविन हे रेल्वेमार्गावरचे गाव जर्मनांकडून परत मिळाल्यावर रेल्वेचा माल सरोवराच्या जवळ येऊ लागला. २५ डिसेंबरला शिधा ३५० आणि २०० ग्रॅम झाला, जानेवारीच्या अखेरीस पुन्हा वाढला, ११ फेब्रुवारीला कामगाराला ५०० ग्रॅम आणि अवलंबितांना ३०० ग्रॅम मिळू लागले. एप्रिलपर्यंत त्या बर्फाच्या रस्त्याने सुमारे ३ लाख ६१ हजार टन माल आत आला आणि साडेपाच लाखांहून अधिक माणसे बाहेर गेली. तरीही फेब्रुवारीत जानेवारीइतकेच लोक मेले.

यासाठी तान्या सविचेवाच्या वहीची नऊ पाने वाचावीत. ही अकरा-बारा वर्षांची मुलगी घरातल्या एकेकाच्या मृत्यूची तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरांत लिहीत गेली. बहीण झेन्या, २८ डिसेंबर १९४१. आजी, २५ जानेवारी १९४२. भाऊ ल्योका, १७ मार्च. एक काका १३ एप्रिलला, दुसरे १० मे रोजी, आई १३ मे रोजी. तारखा शिध्याच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहा: सहाही मृत्यू १२५ ग्रॅमचा काळ उलटल्यानंतरचे आहेत, आणि आई गेली तेव्हा रस्त्यावर ट्राम पुन्हा सुरू होऊन महिना होत आला होता. उपासमारीचे कर्ज शरीर उशिरा वसूल करते. आतड्याचे अस्तर झिजलेले असते, त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही; प्रतिकारशक्ती संपलेली असते, त्यामुळे जुलाब किंवा क्षय पुरेसा होतो; हृदय आकसलेले असते. तान्याला स्वतःला ऑगस्ट १९४२ मध्ये शहराबाहेर नेले, आणि तिथे अन्न मिळत असूनही १ जुलै १९४४ रोजी ती आतड्याच्या क्षयाने गेली.

सर्वांत दुःखद मृत्यू सरोवराच्या पलीकडच्या काठावरचे. ट्रकमधून उतरलेल्या माणसांना स्वागतकेंद्रांत गरम जेवण आणि भरपूर पाव दिला जात होता, आणि त्यांतले काही जण जेवल्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत मेले. देणाऱ्यांची चूक म्हणता येणार नाही, समोर हाडांचा सापळा उभा असताना हात आखडता कोण घेईल? आज याचे कारण आपल्याला माहीत आहे: उपाशी शरीरात एकदम पिष्टमय अन्न गेले की इन्सुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींमध्ये खेचले जाते आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून तीव्र कुपोषित मुलाला आम्ही पहिल्या दिवसांत १०० मिलिलिटरला ७५ उष्मांकांचे पातळ दूध, दर दोन तासांनी, मोजून देतो, आणि आजीने पदराआड आणलेला लाडू काढून घेतो. त्यावरून वॉर्डात भांडणे होतात. लेनिनग्राडच्या डॉक्टरांना फॉस्फेटची गोष्ट ठाऊक नव्हती, पण हळूहळू भरवण्याचे शहाणपण ते मृत्यू पाहून शिकले: जानेवारीपासून अशक्तांसाठी उबदार विश्रामगृहे आणि एप्रिलपासून वाढीव आहाराची भोजनालये उघडली गेली, पाइनच्या सुयांसारख्या पानांचा कडू काढा स्कर्व्हीसाठी, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगासाठी, सक्तीने पाजला गेला.

साथीचे रोग मोठ्या प्रमाणावर का पसरले नाहीत, हाही योग्य प्रश्न आहे. २७ मार्च ते १५ एप्रिल या काळात सुमारे तीन लाख लोकांनी, ज्यांतल्या बऱ्याच जणांना पहार उचलवत नव्हती, शहरातली हिवाळाभराची घाण आणि प्रेते बर्फ वितळण्याआधी हलवली. उन्हाळ्यात सेंट आयझॅक चौकात कोबी लावला होता. दुसरा हिवाळाही वेढ्यातच गेला, पण तेव्हा लोकसंख्या बाहेर जाण्याने आणि मरण्याने बरीच घटली होती आणि शिधा पोटाला पुरेसा होता. १९४२ च्या अखेरीपासून डॉक्टरांना वाचलेल्यांमध्ये उच्च रक्तदाबाची लाट दिसू लागली. एकूण मृत्यू किती, यावर एकमत नाही. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात उपासमारीचे ६ लाख ३२ हजार सांगितले गेले, नंतरचे अभ्यासक आठ ते दहा लाखांकडे झुकतात.

राहता राहिला तो आकडा, ज्याने मला या विषयाकडे ओढले. लेनिनग्राडच्या बालरोगतज्ज्ञ अंतोनोव्ह यांनी तिथल्या एका प्रसूतिगृहाच्या नोंदी १९४७ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९४२ च्या पहिल्या सहामाहीत तिथे ४१४ बाळे जन्मली. त्यांच्या आया वेढ्याआधी किंवा आरंभी गरोदर राहिल्या होत्या, आणि बाळांचे वजन नेहमीपेक्षा अर्धा किलोहून अधिक कमी भरले. दुसऱ्या सहामाहीत जन्मली फक्त ७९, कारण हिवाळ्यात बहुतेक स्त्रियांची पाळीच बंद झाली होती. त्या ७९ आया कोण होत्या, हेही त्यांनी पाहिले. त्या मुख्यतः अन्नाशी संबंधित कामांवरच्या किंवा वरच्या वर्गाचे कार्ड असलेल्या स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या बाळांची वजने बऱ्यापैकी होती.